साडेसदतीस

दहाव्या रात्री मुंगसाने कोंबडी नेली.
सकाळी जुबेदाबी ओच्यात अंडी घेऊन दारात,
अकरा, अजून कोमट.
"तुह्याकडे लाईटीवर काही जमत असंल तं पाह्य,
नाही तं भुर्जी कर."

सुपडूमामा स्टँडमागे कूलर दुरुस्त करतात.
त्यांनी मेडिकलमधून थर्माकोलचं खोकं आणलं,
कुठल्यातरी मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा,
आत पाण्याची वाटी, एक काटा.
चाळीसचा पिवळा बल्ब मात्र अख्ख्या सावद्यात मिळेना.
दुकानदार म्हणाला, ताई, आता सगळे एलईडी.
उजेड देतात. ऊब देत नाहीत.
शेवटी मामांच्याच पेटीत एक निघाला, धुळीने माखलेला.
कानाशी धरून हलवला त्यांनी.
"तार शाबूत हाय."

साडेसदतीस.
माझ्या अंगात ताप नसतानाचा ताप, त्याहून किंचित जास्त.

दर्शनाने पेन्सिलीने एका बाजूला फुली काढली,
दुसरीकडे गोल.
सकाळी फुली वर, दुपारी गोल,
रात्री दोनला मी उठायचे, झोपेतच, पुन्हा फुली.
मोबाईलच्या टॉर्चवर एकेक धरून पाहिलं:
भूगोलाच्या पुस्तकातली तापी,
तिला येऊन मिळणाऱ्या गिरणा, वाघूर, अनेर,
सगळ्या लाल,
आणि भुसावळ असायला हवं तिथे
एक ठिपका हलत होता.
एक अंडं नुसतंच पिवळं, भाडेकरू गेलेल्या खोलीसारखं.
ते बाजूला ठेवलं. दर्शना बोलली नाही दिवसभर.

मग मे महिन्याने आपलं काढलं.
बाहेर पंचेचाळीस, बारा वाजता लाईट गेली.
गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात,
धूर सोडत बसलेल्या,
आणि आमच्याकडे पंखा बंद.
बल्ब विझलेला, तरी काटा चढतोय:
अडतीस, साडेअडतीस, एकोणचाळीस.
आठ दिवस ऊब साठवत होतो आम्ही,
आता तीच उतरवायची.
झाकण काढलं, खोक्याभोवती ओलं गोणपाट,
हाताला सापडलं ते घेऊन वारा घालत बसले
चार वाजेपर्यंत.

सापडलं होतं सूप.
मामा आले, बघून हसत सुटले.
"माह्या आधीचे तिघं गेले.
मी सातव्या महिन्यातच आलो, मुठीएवढा.
मायनं सुपात टाकलं, कापसात गुंडाळलं, चुलीजवळ ठेवलं.
यमाले वाटलं पाखडून टाकलेलं काही हाय.
म्हनून सुपडू."
थोडं थांबून:
"मले कोनी उलटंपालटं केलं का नाही, ते नाही सांगितलं मायनं."

अठराव्या दिवसानंतर उलटायचं नसतं.
हाताला ते कळत नाही.
दोनला जाग यायची, खोक्याशी जाऊन बसायचे,
करायला काहीच नसलेली आई कशी बसते
ते मला तेव्हा समजलं.

एकविसावा दिवस कोरडा गेला.
बाविसाव्या पहाटे आवाज आला,
कवच अख्खं, आणि आतून कुणीतरी
थेट माझ्याशी भांडत असल्यासारखं.
दुपारपर्यंत सात बाहेर.
आठव्याने चोचभर भोक पाडलं आणि थांबला.
दर्शना रडून म्हणाली, सोल ना गं.
मामा म्हणाले, आपन सोललं तं रगत येतं.
आम्ही सोललं नाही.
तो तसाच राहिला.
उरलेली दोन तर बोललीच नाहीत.
तिन्ही दर्शनाने केळीच्या बुडाशी पुरली,
फुली वर करून.

जुबेदाबी आली, बोटं मोडत मोजलं,
चार तिची, तीन माझी, ठरल्या बटईनं.
पिलं माझ्या साडीच्या काठाखाली घुसत होती.
"माय समजतात तुले," ती म्हणाली.
मला वाटतं, सावली समजत असावीत.
त्या उन्हात कुणीही समजलं असतं.

आठवड्याने मामा बल्ब न्यायला आले.
पुसला, कानाशी धरून हलवला,
आणि खिशात टाकण्याआधी
खोक्यातला चिमूटभर कापूस मागून घेतला.