उजवा हात

बोरन्हाणाच्या दिवशी तनूनं
अंगावरून घरंगळलेली बोरं धरली
एकेक, उजव्या हातानं.
"पाहा नं, उजव्याच हाताची आहे पोर,"
कमलआत्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या,
मीही हसले,
हलव्याचा मुकुट सारखा केला.

डावा हात मांडीवर पडून होता.
मूठ मिटलेली, अंगठा आत,
कुणी दिलेला रुपया
हरवू नये म्हणून धरावा तशी.

वहीत सगळं लिहायचे मी.
मान धरली : तिसरा महिना, गुरुवार.
पालथी पडली : पाचवा.
दर वेळी एकाच कुशीवर,
हे लिहिलं नव्हतं.

वजन करायला नंदा डेकाटे आली,
आमच्या तांडापेठेची आशा.
डाव्या बाजूनं किल्ल्या वाजवल्या तिनं.
तनू वळली, हसली,
आणि उजवा हात अख्ख्या अंगावरून ओलांडून नेला
किल्ल्यांपर्यंत.
नंदानं पुन्हा वाजवल्या.
पुन्हा.
मग किल्ल्या पिशवीत टाकत हळूच म्हणाली,
"वर्षाच्या आत लेकरू हात निवडत नसते, वहिनी.
दोन्हीनं घेते.
दाखवून या एकदा मेडिकलात."

सासूबाई म्हणाल्या, "काही नाही होत बाप्पा,
हिचा बाप दीड वर्षाचा होईस्तोवर बसूनच होता."
हिचा बाप काही बोलला नाही.
रात्री उठून त्यानं मोबाइलच्या उजेडात
तिची मूठ उघडून पाहिली.
मी झोपेचं सोंग घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय वाकवले, सोडले,
गुडघ्यावर ठोकलं, बराच वेळ काही लिहिलं,
म्हणाल्या, "लवकर आणलंत."
मला ऐकू आलं, उशीर.

मग नवतपा.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि भर दुपारी
तिच्या उजव्या हातात मी चढवलेला मोजा.
रोज एक तास चांगला हात झाकायचा,
म्हणजे दुसऱ्याला काम मिळतं.
असं सांगितलं होतं.
ती दातांनी मोजा ओढायची, रडायची,
मग रडणं थांबवून नुसती बघायची माझ्याकडे.
जो एक हात होता तिच्याजवळ
तोही मीच काढून घेतलेला.
घड्याळात तीन वाजून सात मिनिटं.
मी वहीत लिहिलं नाही काही.

आज तान्हा पोळा.
शेजारच्या धापोडकरांचा लाकडी बैल मागून आणलाय,
एक चाक कुरकुरतं, शिंगांचा रंग माझ्या बोटांना लागला.
गल्लीतली पोरं बैल ओढत निघाली,
तनू ओट्यावर बसली आहे,
अजून धरूनसुद्धा उभी राहत नाही.

मी दोरी तिच्या डाव्या तळव्यावर ठेवली.
उजवा हात लगेच धावला मदतीला.
"थांब," मी म्हटलं,
कुणाला, माहीत नाही.

अंगठा बाहेर आला.
पूर्ण नाही. नखापुरता.
दोरी निसटली, बैल ओट्यावरून खाली पडला,
चाक निखळून नालीकडे गेलं,
आणि तनू इतकी हसली
की धापोडकरकाकू बाहेर आल्या.

चाकाचे पैसे द्यावे लागतील.
वही कुठे ठेवली मी?