पानात टाकलेलं

टो लॉच्या चढावर वारा फाटकातून येत नाही,
कुंपणाला खांदा लावून आत घुसतो.
नॉरीन म्हणते, इथे ऋतू दोनच:
हिवाळा,
आणि पोस्टमन हातमोजे काढतो तो आठवडा.

ही आली फेब्रुवारीत.
बंद पडलेल्या कोकभट्टीमागे साखळीला बांधलेली.
साखळी पोचेल तेवढ्या वर्तुळातलं गवत
मुळासकट संपलेलं,
आणि पुढे हातभर अंतरावर जसंच्या तसं उभं.
शिंगरू असताना घातलेली म्होरकी
कोणी कधी सैल केलीच नव्हती.
व्हेटने ती कातडीतून सोडवली
तेव्हा तिने मान हलवली नाही.
हलवायला लागतं तेवढंही तिच्यात नव्हतं.

फॉर्मवर रकाना: अंगावरचं मांस, पाचपैकी.
नॉरीनने शून्य लिहिलं
आणि पेनने पुन्हा एकदा गिरवलं.
रंगाच्या रकान्यात काळा-पांढरा.
मी मनात म्हटलं, अबलख.
खरारा, चंदी, पागा,
शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकानंतर
हे शब्द माझ्या तोंडात इथेच आले.
घोड्यांना ते कळतात असं मला वाटतं.
नॉरीनला वाटत नाही.
ती मला 'पेट' म्हणते, घोडीला 'मॅडम'.

बत्तीस वर्षं कन्सेटच्या दुकानात मी औषधं मोजली.
आता गवत मोजते.
ताणकाट्याला जाळी अडकवून, अर्धा किलो,
दर चार तासांनी, रात्री दोनलाही.
जास्त नाही.
उपाशी देहाला पोटभर दिलं
तर रक्तातले क्षार पेशींकडे धावतात,
आणि इतके दिवस निभावलेलं हृदय
नेमकं जेवणानंतर थांबतं.

हे मला पाठ आहे.
नोव्हेंबरातही पाठ होतं,
तो म्हातारा तांबडा आला तेव्हा. सार्जंट.

मी पंगतींच्या घरातली.
आमच्याकडे पानावर आडवा धरलेल्या हाताच्या
बोटांच्या फटीतून जिलबी पडायची.
'माझ्यासाठी एक' म्हणत मावशा रांगेतून फिरायच्या
आणि नको म्हणणारा हरायचा.
सार्जंट तर नको म्हणतच नव्हता.
रिकामी बादली ओठाने ढकलत राहिला रात्रभर,
खडखड, खडखड,
आणि मी दोन ओंजळी,
दोनच ओंजळी चंदी.

तिसऱ्या पहाटे तो बसला, उठला नाही.
नॉरीन म्हणाली, त्याचं तसंही कठीण होतं, पेट.
तिने वही बघितली.
वहीत अर्धा किलो होतं, सगळीकडे अर्धा किलो.

म्हणून ही रात्री दोनला हुंकारते,
हिणहिणत नाही, त्याच्याही खालचं काही,
नाकपुड्यांतलं, ओळखीच्या पावलांसाठीचं,
तेव्हा मी काटा दोनदा बघते.
वीस मिनिटांत जाळी रिकामी.
मग ती लाकडाची कड चाटते,
खिळा चाटते, माझी बाही चाटते.
मी बादली उलटी करून तिच्यावर बसते,
वाढणारा हात मांडीखाली दाबून,
सहा वाजेपर्यंत.

एप्रिल: पाचपैकी दीड.
खुरं तासायला आलेला रेग म्हणाला,
पाय सुधारलेत, स्वभाव बिघडलाय.
दंडावरचे दात त्याने सगळ्यांना दाखवले.
नॉरीनने ते 'प्रगती'खाली लिहिलं.

आज मेची चार तारीख. पोस्टमनचे हातमोजे तसेच.
सकाळी जाळी उतरवायला गेले
तर तळाशी गवत.
कुजकं नाही, ओलं नाही. चांगलं, मूठभर.
ती दाराशी, पाठ माझ्याकडे,
मागचा एक पाय सैल टेकवून
खालून चढणाऱ्या दुधाच्या टँकरकडे बघत.

पानात टाकायचं नाही, अशा घरात मी वाढले.
ती मूठ काट्यावर ठेवली. चाळीस ग्रॅम.
तारखेसमोर लिहिलं: उरलं.
मग पानं मागे उलटत गेले,
एप्रिल, मार्च, जानेवारी,
नोव्हेंबर,
आणि नॉरीन चहाचे मग घेऊन येईपर्यंत
वही तिथेच उघडी धरून बसले.