एक पॉइंट चार

शनिवारी दुपारी सर्व्हर नवा झाला,
कंत्राटदाराची पोरं केक खाऊन गेली,
आणि रात्री साडेनऊला बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
मी, एक पंखा, आणि पडद्यावर ओळ:
क्लासची व्याख्या सापडली नाही.

यंत्राला दोन तऱ्हेचं नसणं वेगवेगळं सांगता येतं.
एक, जे नाव घेऊन शोधलं आणि मिळालं नाही.
दुसरं, जे बांधताना हाताशी होतं
आणि चालताना नाही.
माझं दुसरं.

आमचा क्लायंट तसा गरीब प्रोग्राम.
कस्टमच्या सेवेला हाक मारायची,
कागद पुढे करायचे, पावती घ्यायची, गप्प बसायचं.
अकरा वर्षं एवढंच.
आज तोंड उघडलं तर आत जीभ नाही.

वेलजीभाईंचा फोन: खजूर आहे बेन, थंड कंटेनर,
तासातासाला विजेचं बिल चढतंय.
लायब्ररी नाही म्हणजे?
मग पुस्तकाशिवाय करा ना!

जुन्या जावात ही लायब्ररी घरासोबत मिळायची,
जशी जुन्या खोलीला मोरी आणि माळा.
नव्या इमारतीत माळा काढलाय
हे कागदावर होतं, बारीक अक्षरात.
चावी घेताना आम्ही टाइल्स बघत होतो.

एक जार आणून ठेवली.
ती म्हणाली, जाऊबाईंशिवाय मी बसणार नाही.
जाऊबाई आल्या, त्यांना त्यांचा भाऊ हवा.
पावणेबाराला फोल्डरमध्ये चौदा जण,
त्यात दोघांचं नाव एकच, वय वेगळं,
आधी कुणाला हाक जाईल याचा नेम नाही.
चूक मात्र बदलली:
मेथड सापडली नाही.
चूक बदलली की मी पाणी पिते. माझा नियम आहे.

मग कोडमध्ये खाली, ओळ चारशे बारा,
मराठीत, पण रोमन लिपीत:
याला हात लावू नका. अडलं तर २१४.

२१४ फिरवला.
पलीकडच्या रिकाम्या टेबलाखाली
वायरींच्या गुंत्यात घंटा वाजू लागली.
मी ठेवला नाही बराच वेळ.
एका कानात जाणारी, दुसऱ्या कानात येणारी.

परेरांचा मोबाइल रखवालदार तुळशीरामकडे निघाला,
डायरीत, दूधवाल्याच्या खाली.
गोराईला असतात आता. झोपले नव्हते;
गुडघे झोपू देत नाहीत, म्हणाले.
माझं वाक्य संपायच्या आत:
"एक पॉइंट चार. तू पाच घेतली असशील. पाच भांडते.
चारची सीडी माझ्या कपाटात आहे,
वेलंकनी मातेच्या फोटोमागे."

कपाट मार्चमध्ये भंगारात गेलं.
मी हं म्हटलं.
फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं,
तिसऱ्या खिडकीतला पिंपळ आहे का गं?
पालिकेनं दोनदा कापला होता.
आहे, म्हटलं. न बघता.

फोटो तुळशीरामनं ठेवून घेतला होता, मीटरच्या खोलीत.
त्याची आणि मातेची ओळख नाही,
पण देव भंगारात कसा द्यायचा.
उलटा केला. चिकटपट्टी पिवळी पडलेली,
सीडीवर परेरांचं अक्षर, तारीख, आणि कशाचा तरी डाग.
अकाउंट्सच्या थोराड मशीनला अजून सीडीचा खण आहे,
तिसऱ्यांदा दाबल्यावर उघडतो.

पाचला बाहेर काढलं. चार आत.

दोन वाजून दहा मिनिटांनी पावती आली.
वेलजीभाईंना क्रमांक पाठवला,
त्यांनी अंगठा पाठवला.

ओळ चारशे बारावर गेले. २१४ खोडलं.
माझा नंबर लिहिला. वाचला. पुसला.
लिहिलं: एक पॉइंट चार. पाच भांडते. फोटोमागे बघा.

दिवे घालवायच्या आधी तिसरी खिडकी उघडली,
मोबाइलचा उजेड धरला.
होता.
बोटभर. दोन पानं, तिसरं उलगडायचं होतं.