घागरीवरची खूण

पहिलीच्या बाई मतदारयाद्यांच्या कामावर,
म्हणून दुसऱ्या तासाला पहिली माझ्याकडे,
मग आठवी,
आणि गणिताच्या सरांनी मागितला नाही
तर शेवटचा तास सातवीचा.
जिंतूरच्या पुढं, फाट्यावरची शाळा.
तेवीस वर्षं झाली, गावाला माझं नाव माहीत नाही.
ड्रॉइंगच्या बाई.

पहिलीला कागद पुरत नाही.
केरबाची शेळी कागद ओलांडून बाकावर येते,
बाकावरून शेजारच्याच्या चड्डीवर.
पाय किती रे हे, विचारलं,
तर म्हणतो, पळतीय ना ती,
मोजू कशी?

सातवी पट्टी घेऊन बसते.
दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य,
खाली नदी, नदीत होडी, काठावर नारळ.
बेचाळीस पोरं, बेचाळीस नारळ.
नारळाचं झाड बघितलंय का कुणी?
वर्ग गप्प.
मग मागून गोदावरी फड म्हणते,
बाई, चित्रात असतं की ते.
खिडकीबाहेर चैत्रातला लिंब,
फुलांनी पांढुरका झालेला,
त्याच्याकडं पाठ करून सगळे नारळ रंगवतात.

केरबाच्या शेळीला सहा वर्षांत
दावं कोण बांधतं,
म्हणून मी जुन्या वह्या काढून बघितल्या.
प्रत्येक पानावर, खाली उजवीकडं,
माझी सही.

आठवीची इंटरमिजिएटची तयारी.
वर्तुळात संकल्पचित्र, तीन रंग.
मोहसिनाच्या पाकळ्या इतक्या सारख्या
की मलाच पेंग आली.
कशासाठी आहे गं हे?
ए ग्रेडसाठी, बाई.

त्याच आठवड्यात टँकर सुरू झाला.
येलदरीचं धरण तिकडं, घागरी इकडं,
दीडशे घागरी ओळीनं,
एकाच दुकानच्या, एकाच निळ्या.
पाणी थोडं, भांडण मोप:
ही मपली, ती तुपली.

मी फळ्यावरचं वर्तुळ पुसलं.
आठवीला म्हटलं, घरोघर जा.
प्रत्येक घराला एक खूण पाहिजे.
लांबून दिसावी, उन्हातसुद्धा.
जिला वाचता येत नाही तिला कळावी.
शेजारणीच्या खुणेसारखी नसावी.

परटाच्या सुंदराबाईनं जुनी चादर पसरून
बिब्ब्याच्या खुणा दाखवल्या.
दोन टिंबं म्हणजे मळ्यातले,
आडवी रेघ आणि टिंब म्हणजे पोस्टमन.
चाळीस वर्षांत एक धोतर इकडचं तिकडं गेलं नाही, म्हणाली.
मोहसिना उतरवून घेत होती.
माझ्या तासाला ती इतकी ताठ
कधी बसली नव्हती.

रंग ग्रामपंचायतीच्या फाटकाचा उरलेला, पिवळा.
शिंग निघालं, कंगवा निघाला, अर्धी भाकर निघाली.
गोदावरीनं तिच्या घागरीवर
नारळ काढला.
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
अख्ख्या रांगेत एकच नारळ,
कोसावरून ओळखू येतो.

उरली माझी घागर.
एवढी वर्षं खडू झिजवले
आणि मला स्वतःची खूण सुचेना.
केरबा कुंचला मुठीत धरून आला,
एक वर्तुळ ओढलं,
शेवटी बोटभर जागा सोडली.
जोडून घे की रे.
मंग पाणी कुठनं जाईल आत?

परीक्षा सप्टेंबरात आहे.
तिथं वर्तुळ बंदच लागेल,
आठवीला सांगून ठेवलंय.

आज गणिताच्या सरांनी तास मागितला.
दिला नाही.
फाट्यावर टँकरचा हॉर्न वाजला तशी
सातवी पट्ट्या टाकून खिडकीशी,
कोण पुढं, कोण मागं,
मोठ्यानं वाचतीय:
कंगवा, शिंग, भाकर,
नारळ,
आणि ती तुटकी वाटी कुणाची?
बाईंची.