लागू असल्यास खूण करा

बुधवारी मी दोन पिशव्या घेऊन घाटंजीला उतरते.
निळीत दवाखान्याच्या अभ्यासाचे फॉर्म,
बत्तीस प्रश्न, फॉर्ममागे साठ रुपये.
पिवळीत साबण-शाम्पूच्या कंपनीचे,
एकोणीस प्रश्न, पस्तीस रुपये,
आणि उत्तर देणाऱ्याला एक पेन भेट.

सकाळी स्त्रियांचा वॉर्ड.
फिनाईल, उकडलेलं अंडं, ओल्या चादरी.
खाट सात. पंचफुला कोवे.
वय?
"लिही पन्नास, लिही साठ, तुले जे पुरते ते."
साखर तीनशेच्या वर, टाचेला जखम,
आज सुट्टी.

प्रश्न अकरा: घरी गेल्यावर गोळ्या नियमित घ्याल
याची तुम्हाला कितपत खात्री वाटते?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.
मी पंजा पुढे करते.
ती माझी दोन बोटं हळूच मिटवते.
"एवढं धर. बाकीचं पाहू."

फॉर्मात 'पाहू'ला चौकट नाही.
मी तिनावर गोल करते.

दुपारी बाजार.
तुरीच्या शेंगांचे ढीग, अंबाडीच्या जुड्या,
ताडपत्रीखाली शाम्पूच्या पुड्यांच्या माळा
वाऱ्याने एकमेकींवर चटचट वाजताहेत.
कोपऱ्यावर चिंतावार मेडिकल.
खिळ्याला सुतळी, सुतळीला कात्री.

तिथे तीच.
टाचेला कॅरीबॅग बांधलेली,
हातात 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी.
चिठ्ठीवर तीस लिहिलेत.
"चारच काप, दादा."
चिंतावार कापतात. सवयीचा हात.
गोळीचं नाव तिच्या तुकड्यावर जातं,
तारीख त्यांच्याकडे राहते.

मग ती माळेखाली येऊन थांबते
आणि एक पुडी तोडते, नातीसाठी.
उद्या शाळेत फोटो आहे.
पुडी तुटताना जो आवाज होतो
तो मला कात्रीसारखाच ऐकू आला.
कदाचित ऊन फार होतं म्हणून.

मी पिवळी पिशवी उघडते.
ती मला ओळखते. हसत नाही.
प्रश्न सात: आपण मोठी बाटली का घेत नाही?
महाग. जागा नाही. विश्वास नाही. इतर.
"बाटली आणली का सारं घर डोकं धुते बाई.
पुडीले हिशोब असते."

हे इतर.
मी पहिल्यांदाच इतरच्या रेघेवर इतकं लिहिलं.

अन् गोळ्या? मी विचारते.
(हा प्रश्न दुसऱ्या पिशवीतला.
असं विचारायचं नसतं.)
"गोळीचं तसं नाई.
चार खाऊन पाहतो.
वाटलं बरं त झालं,
नाई वाटलं त बाकीच्या कायले?"

पेन तिने अंबाड्यात खोचला.

रात्री माहिती भरायची.
निळ्या अभ्यासात ती शून्य चार एक सात:
औषधोपचारात सातत्य नसण्याची शक्यता, समुपदेशन सुचवले.
पिवळ्यात ब-अठ्ठ्याऐंशी:
छोट्या पॅककडे कल, खर्चाबाबत जागरूक ग्राहक.
दोन्हीकडे एकच हात एकच चार रुपये मोजत होता
हे लिहायला मी जागा शोधली.
शेवटी शेऱ्यात लिहिलं.
शेऱ्यात वीस अक्षरं मावतात.
यंत्राने 'एकच हात एकच चा' एवढं ठेवलं.

पलीकडच्या खोलीत माझी आई
रक्तदाबाची अर्धी गोळी मोडत होती.
दात लावून.
मी काही विचारलं नाही.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो.
केला.
पलीकडे ओळखीचा आवाज, मागे तराजूची खणखण नाही,
फक्त टेबलावर काहीतरी लोखंडी ठेवल्याचा आवाज.
"चिंतावार मेडिकल."
पंचफुलाबाई कोवे आहेत का?
"नंबर आमचाच देतात सगळे,"
ते म्हणाले,
"बुधवारी करा. आल्या तर देतो."

फॉर्ममध्ये दोन चौकटी होत्या:
संपर्क झाला.
संपर्क झाला नाही.