आतल्या शिवणीचा धागा

आदल्या संध्याकाळी पाय तपासायला गेले
तर दस्तगीर रफूगार म्हणाले,
दुखणं छातीचं, आणि तुम्ही पायाशी का बसलात?

मी जेल लावलं, यंत्र फिरवलं,
घोट्यापासून मांडीपर्यंत शाईने रेघ मारली.
म्हटलं, चाचा, इथली शीर काढायची, तिथे लावायची.
पडद्यावरच्या काळ्या ठिपक्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले, म्हणजे रफूच की.
आम्हीही बाहेरचा दोरा घेत नाही, रंग जमत नाही.
त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून
एक तार ओढायची, कुणाला कळू न देता.
रविवार पेठेत चव्वेचाळीस वर्षं हेच करतोय.

शेजारच्या खाटेवर डोईफोडे सर.
त्यांनी न विचारताच पायजमा वर केला:
एकोणीस वर्षांपूर्वीचा वण, घोट्यापासून थेट वर,
पोतं सुतळीने शिवावं तसा.
छातीचं विसरलो, म्हणाले,
पाय मात्र दोन महिने रडला.

सकाळी साडेसात.
हिरव्या कापडाबाहेर माणसाचा फक्त पाय उरतो.
गुडघ्यापाशी दोन बोटांची चीर,
आत कॅमेरा, आत हळूहळू वायू,
आणि कातडीखाली उजळतो बोगदा,
कात्रजच्या जुन्या बोगद्याहून कितीतरी स्वच्छ.
पिवळी चरबी, मधोमध ती,
ओल्या दोऱ्यासारखी.
एकेक फाटा जाळून बंद करायचा.
ओढायचं नाही.
वरून डॉक्टर केळुसकर विचारतात, झालं का?
दर वेळी दोनदा विचारतात.
छाती तोवर उघडलेली असते.
मी तिकडे बघत नाही.

शीर वाटीत आली.
पिचकारीने भरली, दोन ठिकाणी गळली,
दोन्हीकडे केसाएवढा टाका.
मग टोकं उलटून वर दिली,
कारण आतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने सोडतात.
इतकी वर्षं ती वर चढवत होती,
तिला नवा रस्ता कुणी विचारला नाही.

पाचव्या दिवशी ते व्हरांड्यात चालत होते.
मला पाहून थांबले, बाकावर बसले, चष्मा चढवला,
गुडघ्यापाशचे टाके बोटांनी चाचपले,
दुसऱ्या कारागिराचं काम चाचपावं तसे.
वाईट नाही, म्हणाले. शेवटची गाठ जरा बाहेर आलीय.
आणि घोट्यापाशी थोडं बधिर लागतं.

जाईल ते, बहुतेक जातं, असं मी सांगणार होते.
त्यांनी हात वर केला.
राहू द्या. जिथून तार निघते
तिथलं कापड थोडं विरळ राहतंच.
गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, एवढंच.