परी भाड्याने मिळेल

चरईत, पिठाच्या गिरणीला लागून आमचं दुकान.
पाटीवरचा 'ड्रे' कधीच पुसला गेला,
आता नुसतं 'परी भाड्याने मिळेल'.
येणारे-जाणारे हसतात.
रंगारी दोनशे मागतो, आणि मलाही घाई नाही.

डिसेंबर ही आमची सुगी.
शाळांची गॅदरिंगं, सोसायट्यांचे वर्धापनदिन,
कुणाच्या तरी आजोबांची पंचाहत्तरी.
घडी करून गेलेले कपडे
बोचक्यात परत येतात.
कार्यक्रम मी एकही बघितलेला नाही,
पण कुठलं गाणं वाजलं ते मला शिवणीवरून कळतं.

भांगडा खांद्यात उसवतो.
लावणी काखेत, आणि पदराच्या टोकाला,
दातांत धरलेला असतो ना, तिथे.
गरबा घेराचा काठ खातो, वर मैदानाची लाल माती.
कोळीनाच काही फाडत नाही,
फक्त रुमालाची गाठ अशी बसवतो
की सुई घालून सोडवावी लागते.
आणि पँट गुडघ्यात गेली असेल तर समजायचं,
हिरो खाली बसला होता
कुणापुढे तरी.

कृष्णाच्या कमरपट्ट्यात एकदा चिठ्ठी मिळाली:
दोन पावलं उजवीकडे. गिरकी. टाळी.
मग हसायचं, विसरू नको.
शकीलाआपाने ती मशीनला चिकटवली.
बॉबिन संपली की वाचते, आणि खरंच हसते.

मोराचा ड्रेस मात्र परत आला नाही.
निहारची आई म्हणाली, रिक्षात राहिला हो,
आणि पूर्ण पैसे मोजून गेली.
आठवड्याने कोपरीत दिसला मला मोर,
हातात दुधाची पिशवी, पिसारा रस्त्याला घासत,
खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत.
मी पलीकडच्या फुटपाथवर गेले.
उगाच त्याला ओळख द्यावी लागली असती.

चेंदणी कोळीवाड्यातले मोरेश्वर वैती आले
एका मंगळवारी, छत्रीच्या टोकाने जाकीट दाखवत.
ते चमकीचं. वरचं. हो, तेच.
किती दिवसांसाठी?
म्हणाले, एका गाण्यापुरतं.
मी म्हटलं, काका, एका गाण्याचा दर नाही आमच्याकडे,
दिवसाचा आहे.
बरं, मग दिवसभर घालतो.
आणि घातलं म्हणे. मच्छी आणायलाही तेच.

परत आलं तेव्हा जाकिटाला सुरमईचा वास,
आणि पँटचा डावा गुडघा गेलेला.
मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले,
पन्नास वर्षं झाली लग्नाला, म्हणून बसलो खाली.
मग? काकी काय म्हणाल्या?
म्हणाली, आधी उठता येतंय का बघा.
दोन नातवांनी उठवलं.
गाणं तोवर संपलं होतं, पुन्हा लावायला लागलं.

अनामत पूर्ण परत दिली.
गुडघा आपाने आतून ठिगळ लावून असा शिवला
की पुढचा हिरो बिनधास्त बसेल.

रात्री नऊला शटर अर्धं ओढते.
गिरणीवाल्याचं शेवटचं दळण चालू असतं,
भिंत थरथरते, हँगर एकमेकांवर वाजतात,
काळ्या मखमलीवर पिठाची साय.
हिशेबाची वही मिटली की
दिवा लगेच घालवायचाच
असं काही कुठे लिहिलेलं नाही.

परवा सकाळी आपाने जांभळ्या नऊवारीवरचं ब्लाउज
उलटं करून उजेडात धरलं.
चष्मा वर. चष्मा खाली.
लावणीचं आहे ना हे?
मग खांद्यात कसं उसवलं?
कुणी नेलं होतं?

मी वही चाळत राहिले.
तिने दोरा ओवला, पायडल मारलं,
आणि मशीनच्या आवाजातच म्हणाली,
नाव नको सांगूस.
गिरणीवाल्याला विचारते.